काळ सरण्याविषयीच्या इंग्रजी कविता: सगळ्यांचे सार एकच आहे का?

प्रश्न

सध्या मी सतराव्या शतकातील इंग्रजी कविता वाचत आहे. काळ हा विषय त्यांत वारंवार येतो, परंतु दर वेळी सार एकच निघते असे वाटू लागले आहे: तारुण्य टिकत नाही, तेव्हा आजचा दिवस दवडू नका. १६४८ मध्ये छापलेल्या कवितेत रॉबर्ट हेरिक कुमारिकांना फुले आजच वेचायला सांगतो, आणि अँड्र्यू मार्व्हेलही ‘टू हिज कॉय मिस्ट्रेस’मध्ये प्रेयसीला तेच पटवतो. याहून वेगळे काही या परंपरेत आहे आणि ते माझ्या नजरेतून सुटते आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

हेरिकबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, मार्व्हेलबद्दल नाही. त्याच्या कवितेत काळाचा वेगच बदलतो. पहिल्या वीस ओळींत तो जणू अनंत काळ हाताशी असल्यासारखा रेंगाळतो: प्रेयसीने गंगेकाठी माणके शोधावीत, आपण इंग्लंडमधील हंबर नदीच्या काठी विरहाची गाणी गावीत (मार्व्हेल हंबरकाठच्या हल शहराचा, पुढे तिथला खासदारही झाला), तिच्या डोळ्यांच्या आणि कपाळाच्या स्तुतीला शंभर वर्षे द्यावीत. एकविसाव्या ओळीपासून पाठीमागे काळाचा पंख असलेला रथ ऐकू येतो आणि थडग्याचा उल्लेख येताच सगळा ऐसपैसपणा संपतो. हे सारात उतरत नाही.

शेक्सपिअरलाही एकच उत्तर पुरलेले नाही. १६०९ च्या संग्रहातील बारावे सुनीत (चौदा ओळींची कविता, सॉनेट) घड्याळाचे टोले मोजते आणि काळाच्या विळ्यापुढे फक्त संतती टिकते असे म्हणते. साठाव्या सुनीतात मिनिटे लाटांसारखी एकामागून एक किनाऱ्याकडे धावतात, विळा तोच असतो, पण त्याच्यासमोर उभी राहते ती कविता. बारा तास आणि साठ मिनिटे हे क्रमांक योगायोगाने आले असतील असे मला वाटत नाही.

प्रतिसाद २

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर कीट्सच्या ‘टू ऑटम’मध्ये आहे, त्यासाठी दोन शतके पुढे यावे लागले तरी. १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टरला ती लिहिली गेली, आणि दोनच दिवसांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात कीट्स म्हणतो की कापणीनंतरची धसकटांची शेते त्याला वसंतातल्या गार हिरवाईपेक्षा अधिक आवडली. या कवितेत कोणी कोणाला घाई करत नाही, ‘मी’ हा शब्दही येत नाही. पहिल्या कडव्यात फळे पिकतात, दुसऱ्यात शरद स्वतः अर्ध्या कापलेल्या शेतात झोपलेला दिसतो किंवा सफरचंदांच्या रसाचे शेवटचे थेंब तासन्‌तास पाहत बसतो, तिसऱ्यात संध्याकाळ होते. कीट्सच्या त्या वर्षीच्या इतर बहुतेक ओड्‌समध्ये (संबोधनपर भावकवितांमध्ये) कडवे दहा ओळींचे आहे, येथे अकरा ओळींचे, आणि ती एक जास्तीची ओळ प्रत्येक कडव्याला संपता संपता थोडे थांबवते.

मराठी वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. आपल्या मनात शरद म्हटले की निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे उभे राहते. कीट्सचा ऋतू धुक्याचा, सुगीचा आणि हिवाळ्याच्या उंबरठ्यावरचा आहे. हे ध्यानात नसेल तर शेवटचे कडवे केवळ निसर्गवर्णन वाटते.

प्रतिसाद ३

हाउसमनची चेरीच्या झाडावरची कविता (१८९६) जरूर वाचावी. सत्तर वर्षांच्या आयुष्यातून सरलेली वीस वजा करून विशीतला तरुण म्हणतो की फुललेली झाडे पाहायला पन्नास वसंत कमीच पडतील, म्हणून तो रानात चेरी पाहायला निघतो. सार आपण म्हणता तेच आहे, पण हा हिशेब तो कोणालाही वश करण्यासाठी मांडत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ‘टू ऑटम’ काल रात्री पुन्हा वाचली. शेवटच्या कडव्यात टेकडीवरून कोकरांचा आवाज येतो आणि कीट्स त्यांना पूर्ण वाढलेली कोकरे म्हणतो. वसंताची गाणी कुठे गेली, असे त्याच कडव्याच्या आरंभी त्याने विचारलेले असते. वसंतात जन्मलेली कोकरे एव्हाना मोठी झाली आहेत, हे त्या एका विशेषणात सांगून झालेले आहे आणि मी मात्र इतके दिवस ते विशेषण ओलांडून पुढे जात होतो.