मदत हवी आहे: कापड चढवलेली पुठ्ठ्याची खोकी वाकली आहेत आणि आतून कुबट वास येतो

शेवंती
नमस्कार. घरपोच आलेल्या सामानाची खोकी साठली होती. ती रद्दीत देण्याऐवजी मी त्यांना बाहेरून जुन्या सुती साडीचे कापड चिकटवले, वरच्या काठाला खणाची पट्टी लावली आणि ती दिवाणखान्यातील उघड्या फडताळात मांडली. आता मोठ्या खोक्यांच्या बाजू मध्यभागी आत गेल्या आहेत, कडा बाहेर वळल्या आहेत आणि झाकणे बसेनाशी झाली आहेत. शिवाय आतून कुबट वास येतो. गणपतीला पाहुणे येण्यापूर्वी हे दुरुस्त करायचे आहे. कृपया लवकर उपाय सांगावा, आणि नवीन खोकी विकत घेण्याचा सल्ला मात्र देऊ नये.

मोजपट्टी
ताई, यावरून काहीच सांगता येणार नाही. डिंक कोणता वापरला, तो पातळ केला होता का, पुठ्ठा तीन प्लायचा (म्हणजे तीन थरांचा) आहे की पाच प्लायचा, आतल्या बाजूला काही चिकटवले आहे का, खोक्यांत काय ठेवले आहे आणि आपण राहता कुठे, एवढे कळवावे.

तेलाचा डबा
पुठ्ठ्याचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा घ्यावा, वरचा पत्रा कापून धारदार कड हातोडीने आत दुमडावी, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तेलकटपणा पूर्ण काढावा, पॉलिशपेपर मारून रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा आणि त्यावर हवा तो ऑइलपेंट लावावा. आमच्या घरी असे डबे माझ्या आईच्या काळापासून आहेत आणि आजही त्यांत गोधड्यांचे तुकडे राहतात.

शेवंती
तेलाचा डबा, माझ्याकडे पत्र्याचे डबे नाहीत, खोकी आहेत, आणि प्रश्न खोक्यांचाच आहे. मोजपट्टी, पुठ्ठा तीन प्लायचा आहे. सुतार वापरतात तो पांढरा डिंक पाणी घालून पातळ केला आणि ब्रशने लावला. आत काही चिकटवलेले नाही. खोक्यांत लोकरीचे कपडे आणि मुलांची पुस्तके आहेत. मी चिपळूणला राहते, पण त्याचा येथे काय संबंध आहे ते समजले नाही.

जुना बाइंडर
चिपळूणचा श्रावण आणि पन्हळी पुठ्ठा, म्हणजे संबंध अगदी जवळचा आहे. पण आधी वाकण्याविषयी लिहितो. ओल्या डिंकाने कापड आणि पुठ्ठ्याचा वरचा कागद दोन्ही फुगतात आणि वाळताना आकसतात. आतली बाजू कोरी असल्यामुळे हा ताण एकाच अंगाने बसतो आणि बाजू डिंकाकडे वळते. वहीच्या पुठ्ठ्याला आतून अस्तराचा कागद लावतात तो केवळ शोभेसाठी नसतो; तो उलट बाजूने ओढून पुठ्ठा सरळ ठेवतो. आपणही खोक्यांना आतून जाड तपकिरी कागद लावावा, आणि तो बाहेरच्या कापडाइतक्याच ओल्या डिंकाने लावावा. एक बाजू झाली की सपाट फळीवर पालथी ठेवून वर वजन द्यावे, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावू नये. पुढच्या वेळी डिंकात पाणी घालू नये. पातळ डिंक कापडातून वर येऊन डागही पाडतो.

रंगरेषा
मी आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यांवर गेरूची पार्श्वभूमी देऊन पांढऱ्या रंगाने वारली चित्रे काढते. ती अतिशय देखणी दिसतात. मात्र रंगाचे पापुद्रे निघतात, म्हणून आधी कागदाचे कपटे चिकटवून घ्यावेत.

मोजपट्टी
रंगरेषा, त्या डब्यांचे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असते. त्यावर रंग आणि पांढरा डिंक दोन्ही धरत नाहीत, त्यामुळे आपले कपटेही कालांतराने सुटतील. येथे मात्र प्लास्टिकचा प्रश्न नाही. शेवंतीताई, फडताळ कोणत्या भिंतीला लागून आहे?

शेवंती
पश्चिमेच्या. पावसाळ्यात तिला थोडी ओल येते, पण खोकी भिंतीला चिकटलेली नाहीत, फार तर बोटभर अंतर असेल.

मोजपट्टी
वासाचे कारण तेथेच आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते. पन्हळी पुठ्ठ्याचे थर बहुधा स्टार्चच्या खळीने जोडलेले असतात, आणि ती खळ बुरशीला, कसरीला आणि झुरळांना सारखीच आवडते. अस्तर लावण्याआधी खोकी रिकामी करून उन्हात किंवा पंख्याखाली कडकडीत वाळवावीत. ज्या पुठ्ठ्यावर काळे-हिरवे ठिपके दिसतील, तो झाकून न टाकता फेकून द्यावा. पुस्तके त्या फडताळात पुन्हा ठेवू नयेत.

तेलाचा डबा
म्हणजे शेवटी पत्राच बरा, हे सिद्ध झाले.

जुना बाइंडर
काहीच सिद्ध झालेले नाही. कोकणच्या खाऱ्या आणि दमट हवेत पत्र्याच्या सांध्यांना गंज धरतो, आणि त्याचे डाग लोकरीच्या कपड्यांवरून जात नाहीत. पुठ्ठ्याला चपडीचे (शुद्ध केलेल्या लाखेचे, म्हणजे शेलॅकचे) दोन हात द्यावेत. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी पाण्याशिवाय वाळते, त्यामुळे पुठ्ठा पुन्हा फुगत नाही. पन्हळीची उघडी तोंडे मात्र आधी कागदाच्या पट्टीने बंद करावीत. ओल तेथूनच आत शिरते.

तेलाचा डबा
आपण गंजाविषयी बोलता, पण दमट हवेत लावलेली चपडी पांढुरकी पडते, हे सांगत नाही.

जुना बाइंडर
हे मान्य आहे. म्हणून उघडीप असेल त्या दिवशी दुपारी पातळ हात द्यावा, आणि स्वयंपाकघरापासून दूर, कारण स्पिरिट पेट घेते. हे बाहेरच्या कापडावर लावायचे नसून आतल्या अस्तरावर आणि तळावर लावायचे आहे.

दुधाची पिशवी
दूध आणि ताकाचे टेट्रापॅक धुऊन, कापून खोक्यांत कप्पे करता येतात. त्यात सुमारे तीन चतुर्थांश कागद असला तरी दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते दमट हवेला पुठ्ठ्यापेक्षा बरे तोंड देतात. फक्त कापलेल्या कडेतून कागद पाणी पितो.

शेवंती
कप्पे नंतर पाहीन. चपडी येथे हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. अस्तरासाठी घरातल्या मैद्याची खळ चालेल का? डिंक संपला आहे.

जुना बाइंडर
चालेल, पण शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालावे. नाहीतर तीच खळ कसरीला निमंत्रण ठरेल. आम्ही बांधणीच्या खळीत ते घालत असू. सुपारीच्या बागांवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणून आपल्याकडे शेतीच्या औषधांच्या दुकानात ते हमखास मिळेल. ते विषारी आहे; त्यासाठीचे भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये आणि त्या खोक्यांत मुलांची खेळणी किंवा खाऊ ठेवू नये.

तेलाचा डबा
एवढी खळ कालवायला माझा एखादा जुना डबा कामी येईल, असे सुचवतो.

मोजपट्टी
कृपया तसे करू नये. मोरचूद लोखंडी पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाते, आणि त्यातले तांबे पत्र्यावर बसल्याने खळीतला उपयोगही कमी होतो. मैद्याची खळ नेहमीच्या भांड्यात शिजवून घ्यावी, कोमट झाल्यावर प्लास्टिकच्या जुन्या बादलीत ओतावी आणि मोरचूद पाण्यात विरघळवून तेथेच मिसळावे.

जुना बाइंडर
मी शिजवताना घालण्यास लिहिले होते, कारण आमचे भांडे मातीचे असे. घरच्या भांड्यासाठी मोजपट्टी म्हणतात तेच करावे.

शेवंती
ठीक आहे. ऊन पडले की आधी सर्वांत मोठे खोके वाळवून त्यालाच अस्तर लावते. ते सरळ झाले, तरच बाकीच्यांचे कापड ठेवीन.