डिसेंबरात प्राग: थंडीपेक्षा उजेडाचा विचार करावा
डिसेंबरअखेरीस लहान मुले आणि आजी-आजोबांसह प्रागला जावे का, या आपल्या प्रश्नावर बहुतेकांनी थंडीचाच मुद्दा मांडला आहे. माझ्या मते मोठी अडचण उजेडाची आहे, कारण त्या दिवसांत तेथे सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. म्हणून किल्ला सकाळीच पाहावा. नदीच्या बाजूने पायऱ्या चढण्याऐवजी 22 क्रमांकाच्या ट्रामने वर जावे, 1344 मध्ये सुरू होऊन थेट 1929 मध्ये पूर्ण झालेले सेंट व्हिटस कॅथेड्रल निवांत पाहावे आणि मग माला स्त्राना भागातून सावकाश उतरत चार्ल्स पुलावर यावे, म्हणजे ज्येष्ठांची चढण वाचते. दगडी फरसबंदी ओली असली की निसरडी होते, तेव्हा बुटांचे तळ आधीच तपासून घ्यावेत. 1410 च्या खगोलीय घड्याळातील बाहुल्यांचा खेळ क्षणात संपतो (मला तर तो पाहायला जमणारी गर्दीच अधिक रंजक वाटली), पण मुलांसाठी तेथे थांबावेच. 24 डिसेंबरला मोठी दुकाने कायद्यानेच दुपारी बारा वाजता बंद होतात आणि पुढील दोन दिवस उघडत नाहीत, त्यामुळे मुलांचे दूध, फळे आणि इतर खाणे 23 तारखेलाच घेऊन ठेवावे.