वॉर्डातील क्लिनिकल फार्मासिस्टचे काम नेमके कोणते?

प्रश्न: वडील रुग्णालयात असताना डॉक्टरांसोबत राउंडला एक क्लिनिकल फार्मासिस्ट येत असत आणि पहिल्याच दिवशी त्यांनी घरच्या सर्व औषधांची यादी मागून घेतली. औषधे डॉक्टर लिहितात, परिचारिका देतात. मग या तिसऱ्या व्यक्तीची गरज काय?

उत्तर १: ती यादी हेच त्यांचे पहिले काम. दाखल होताना, वॉर्ड बदलताना आणि घरी जाताना औषधे सुटतात किंवा दुहेरी दिली जातात. त्यानंतर मात्रेचा विचार येतो. व्हॅन्कोमायसिनसारखे प्रतिजैविक मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढले की मात्रा किंवा दोन मात्रांमधील अंतर बदलावे लागते, आणि रक्तातील पातळी पाहून ते पुन्हा ठरवावे लागते. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक सुरू झाले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो; अशा वेळी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) लवकर तपासण्याची सूचना फार्मासिस्टच करतात. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो.

उत्तर २: मी परिचारिका आहे. नळीवाटे अन्न घेणाऱ्या रुग्णाला फेनिटॉइन हे फिट्सवरचे औषध त्याच वेळी दिल्यास त्याचे शोषण कमी होते, हे मला एका फार्मासिस्टनेच समजावले होते. कोणती गोळी कुटून देऊ नये, हेही आम्ही त्यांनाच विचारतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वडील वॉरफरिनच घेतात, त्यामुळे ती यादी आता अद्ययावत करून जवळ ठेवतो.

उत्तर १: त्यात आयुर्वेदिक आणि चिठ्ठीविना घेतलेली औषधेही लिहा, वेदनाशामक गोळ्या तर हमखास राहून जातात.