मदत हवी आहे: रोबोट सिम्युलेटरमध्ये चालतो, फरशीवर आपटतो
नमस्कार मंडळी, मी नाशिकला सातपूरला असतो, घरी चार पायांचा रोबोट बनवलाय, १२ सर्व्हो (सांधे हलवणाऱ्या छोट्या मोटर), सगळे एमजी ९९६ आर मॉडेलचे. मुजोको या सिम्युलेटरमध्ये पीपीओने (चुकत-माकत शिकवायची एक पद्धत) ट्रेन केलाय, तिथे मस्त चालतो पण फरशीवर ठेवला की दुसऱ्याच पावलाला मागचा उजवा पाय थरथरतो आणि तोंडावर आपटतो. सिम्युलेटरमध्ये घर्षण, वजन रँडम करून पाहिलं, थोडाच फरक पडला. मला वाटतं खरी गोची सर्व्हो उशिरा हलतात त्यात आहे. २०१९ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांनी ॲनिमल या चार पायांच्या रोबोटसाठी मोटरचं वागणं शिकणारं वेगळं न्यूरल नेटवर्क केलं होतं, तसंच करायचंय, पण त्याला सांध्याची खरी पोझिशन लागते आणि माझे सर्व्हो ती परत सांगतच नाहीत! प्रत्येक सांध्याला एनकोडर (सांधा किती वळला ते मोजणारा सेन्सर) लावू की फीडबॅकवाले सर्व्होच घेऊ? अंबड-सातपूरकडे कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, रोबोट घेऊन येतो.