उन्हाळी सामन्यांच्या निकालावरून शालेय बेसबॉल संघाचा अंदाज बांधता येतो का?

क्रीडाशिक्षक, नागपूर:
शिबिरात आमच्या १७ वर्षांखालील मुलांचे १० सराव सामने झाले. ७ जिंकलो, ३ हरलो. जूनअखेर शाळा उघडली की जिल्हास्तराची तयारी सुरू. मुख्याध्यापक म्हणतात, यंदा विभागापर्यंत जाणं पक्कं. एवढ्या निकालावर विसंबून संघ ठरवावा का? सगळ्या स्कोअरशीट जपून ठेवल्या आहेत.

स्कोअरर:
सर, ७-३ ला फार वजन देऊ नका. दोन संघ तोडीस तोड असले, तरी १० पैकी ७ किंवा जास्त जिंकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. नुसतं नाणं उडवलं तरी सहा वेळांत एकदा असा निकाल लागेल.

त्यापेक्षा केलेल्या आणि दिलेल्या रन्स मोजा. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं, अपेक्षित विजयांची टक्केवारी काढायचं सूत्र सोपं आहे: केलेल्या रन्सचा वर्ग, भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. ६० केल्या, ४० दिल्या तर ३६०० भागिले ५२००, म्हणजे ६९ टक्के. हा ७-३ खरा. पण ५० केल्या आणि ४८ दिल्या असतील तर उत्तर ५२ टक्के येतं, म्हणजे अटीतटीचे सामने तुमच्या बाजूला झुकले एवढंच. एखादा १८-० सामना असेल तर तो वगळून पुन्हा हिशेब करा. दुबळ्या संघाविरुद्धचा एकच निकाल सगळं फुगवतो.

बॅटिंग ॲव्हरेजचंही तसंच. खरा .३०० चा मुलगा (दर १० खेपांत ३ हिट) ३० ॲट-बॅटमध्ये, म्हणजे फलंदाजीच्या खेपांत, .२३३ किंवा .३६७ दाखवू शकतो, आणि त्यात नवल काही नाही.

पिचिंगवाला:
मला महत्त्वाचा प्रश्न वेगळा वाटतो: ते ७ सामने जिंकून कोणी दिले? शिबिरात सामने आठवड्याला एक-दोन होतात, त्यामुळे एकच चांगला पिचर (चेंडू टाकणारा) जवळपास सगळे सामने टाकतो. शालेय स्पर्धेत लागोपाठच्या दिवशी बाद फेऱ्या येतात. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक तत्त्वांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि ७६ किंवा जास्त टाकले तर ४ दिवस विश्रांती. म्हणजे पहिल्या फेरीत ८० टाकलेला मुलगा अंतिम सामन्यात उपलब्धच नाही. त्याला तरीही उभं केलं तर कोपर आणि खांद्याची किंमत मोजावी लागते. हे कृपा करून होऊ देऊ नका.

म्हणून पिचरनिहाय निकाल काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिचरच्या इनिंगमध्ये दिलेल्या रन्स हाच तुमच्या संघाचा खरा अंदाज. वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आधी पाहा, कारण त्यात फील्डरचा हात नसतो.

काळी माती:
मैदानाचं कोणी बोललंच नाही. मे महिन्यात काळी माती तडकते, ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) वेगाने येतो आणि भेगेवरून वेडावाकडा उसळतो. शॉर्टस्टॉपचे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरचे) एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, तिथे वाढतात. सगळा दोष मुलाचा नसतो. ऑगस्टमध्ये तोच चेंडू ओल्या मातीत मरतो, इनफिल्डला (बेसजवळच्या फील्डरांना) पुढे धावून उचलावा लागतो आणि वेगवान धावपटू पहिल्या बेसवर सुखरूप पोचतो. चेंडूचं कातडंही ओलं होतं, पकड सुटते, वॉक वाढतात. म्हणून एरर दोन रकान्यांत लिहा: उचलण्यातले आणि फेकण्यातले. फेकण्यातल्यांचा दोष तडकलेल्या मातीवर ढकलता येत नाही.

शिबिरात लहान मुलांसाठी पिचिंगचं अंतर कमी ठेवलं असेल तर ते आकडे बाजूलाच ठेवा. पूर्ण अंतर १८.४४ मीटर आहे. तिथे कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकणाऱ्याची दिशा पार बदलते.

क्रीडाशिक्षक, नागपूर:
पिचरनिहाय पाहिलं. ७ पैकी ५ विजय एकाच मुलाचे आहेत, आणि तो दहावी होऊन दुसऱ्या कनिष्ठ महाविद्यालयात चालला आहे.

पिचिंगवाला:
मग शाळेच्या दृष्टीने ते पाच सामने सोडून द्या. अमेरिकेत तर उन्हाळ्यातल्या क्लब संघात वेगवेगळ्या शाळांची मुलं असतात आणि शालेय मोसम पुढच्या वसंतात येतो, त्यामुळे तिथे हा धागा आणखीच विरळ असतो. तुमच्याकडे फक्त दोन-तीन महिन्यांचं अंतर आहे, ही जमेची बाजू.

राहिलेल्या पिचरांपैकी ज्याचे १०० मधले ६० चेंडू स्ट्राइक (योग्य पट्ट्यातून गेलेले किंवा बॅटरने हुकवलेले) पडतात त्याला पहिला धरा. जुलैत त्याला एका दिवशी ३० चेंडू, मग एक दिवस सोडून ४५, असं चढवत न्या, आणि दुसऱ्या मुलाला प्रत्येक सराव सामन्यात किमान दोन इनिंग द्या. कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) तोच ठेवा.