मदत हवी आहे: शाळेतलं आम्लांचं जुनं कपाट आवरणं आणि विरल आम्ल तयार करणं

नवी_विज्ञानशिक्षिका
दहावीचे प्रयोग पुढच्या आठवड्यात सुरू करायचे आहेत. प्रयोगशाळा पावसाळाभर बंद होती. एकाच लाकडी कपाटात संहत सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्ल, लायकर अमोनिया (अमोनिया वायूचं पाण्यातलं संहत द्रावण), स्पिरिट, सोडियम असं सगळं आहे. बाटल्यांवर पांढरी भुकटी बसली आहे, दोन काचेची बुचं निघत नाहीत, एका बाटलीचं लेबल गळून पडलंय. खोलीत नळ नाही, पाणी व्हरांड्यातल्या पिंपातून आणावं लागतं. विरल आम्लं मलाच बनवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

काचकांडी
मॅडम, कपाटाला हात लावायच्या आधी पाण्याची सोय करा. आम्ल डोळ्यात गेलं तर 15 ते 20 मिनिटं सतत धार लागते. मिनिटाला 1 लिटर धरलं तरी 20 लिटर झाले. पिंपातून तांब्याने आणून हे जमत नाही. तोटी असलेले 20 लिटरचे दोन कॅन टेबलाच्या कडेला ठेवा, खाली बादली. पाणी रोज बदला.

पांढरी भुकटी म्हणजे बहुतेक नवसागर. हायड्रोक्लोरिकच्या आणि अमोनियाच्या वाफा भेटल्या की तोच बनतो. ओल्या फडक्याने पुसा, पण हातमोजे घालून, कारण बाटलीवर आम्लाचे ओघळही असू शकतात. मग अमोनिया दुसऱ्या कपाटात हलवा. नायट्रिक स्पिरिटपासून लांब, वेगळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. आम्लं सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे बाटली काढताना तोंडाच्या उंचीवर येणार नाही. पोटॅशियम परमँगनेट असेल तर ते ग्लिसरीनच्या आणि संहत सल्फ्युरिकच्या शेजारी अजिबात नको.

अडकलेल्या बुचाला जोर लावू नका, बाटलीची मान तुटते. बाटली प्लास्टिकच्या टबात ठेवून लाकडी मुठीने बुचाला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हलकं टिचकावा. बाटली गरम करायची नाही. हायड्रोक्लोरिक आणि अमोनियाच्या बाटलीत आधीच दाब साठलेला असतो. नाहीच निघालं तर तशीच बाजूला ठेवून जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विचारा. बिनलेबलची बाटली हुंगायची नाही, मोरीत ओतायची नाही. ‘ओळख पटलेली नाही’ अशी चिठ्ठी लावून वेगळी ठेवा.

लॅब_सहायक
विरल सल्फ्युरिकचं प्रमाण देतो. सुमारे 1 मोलरचं (मोलर हे तीव्रतेचं माप) 1 लिटर हवं असेल तर 98 टक्के संहत आम्ल 55 मिली लागतं.

1 लिटरचं बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या) काचेचं चंचुपात्र थंड पाण्याच्या टबात ठेवा. त्यात आधी 800 मिली डिस्टिल्ड वॉटर. मोजपात्रातलं आम्ल काचकांडीवरून बारीक धारेने सोडा, एका वेळी 5 ते 10 मिली, आणि दर वेळी ढवळा. चंचुपात्र हाताला गरम लागलं की थांबा. एकूण तापमान साधारण 20 अंशांनी वाढतं, पण न ढवळता ओतलं तर आम्ल तळाशी जाऊन बसतं आणि मग ढवळायला गेलं की सगळी उष्णता एकदम निघते. थंड झाल्यावर 1 लिटर करा, बाटलीत भरा, नाव, तीव्रता आणि तारीख लिहा.

उलट, म्हणजे आम्लात पाणी, कधीच नाही. आम्लाची घनता 1.84, त्यामुळे पाणी वरच तरंगतं, तिथेच उकळतं आणि आम्लाचे थेंब घेऊन उडतं.

2 मोलर हायड्रोक्लोरिकसाठी 700 मिली पाण्यात 170 मिली संहत आम्ल, मग 1 लिटर. याच्या वाफा फार. व्हरांड्यात, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून करा.

नवी_विज्ञानशिक्षिका
मोठं चंचुपात्र नाही. थेट बाटलीत किंवा मोजपात्रातच केलं तर चालेल का?

लॅब_सहायक
नाही. जाड, साध्या काचेची बाटली उष्णतेने तडकते, आणि अरुंद मोजपात्रात नीट ढवळता येत नाही. 250 मिलीचं चंचुपात्र असेल तर 160 मिली पाणी, 11 मिली आम्ल, शेवटी 200 मिली. असं पाच वेळा करा.

शनिवारची_शाळा
खाण्याचा सोडा जवळ ठेवा. हातावर आम्ल पडलं की लगेच चोळायचा.

काचकांडी
सर, हे कृपया मुलांना सांगू नका. सोडा टेबलावर किंवा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी: फसफस थांबेपर्यंत टाकायचा, मग पुसायचं. अंगावर टाकला तर तिथेच उष्णता निघते आणि चोळल्याने भाजलेली कातडी सोलवटते. अंगावर फक्त पाण्याची धार, आम्ल लागलेला कपडा धार चालू असतानाच काढायचा. डोळ्यासाठी पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी, मग दवाखाना. नंबरचा चष्मा गॉगलचं काम करत नाही, त्याच्या कडेने थेंब आत जातो.

लॅब_सहायक
सोडियमच्या बाटलीत धातू रॉकेलमध्ये पूर्ण बुडालेला आहे का बघा. नसेल तर रॉकेल घाला. प्रयोगाला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. टिपकागदावर टिपून चिमट्याने टाका. कापताना पडलेला चुरा मोरीत किंवा ओल्या केराच्या डब्यात जाता कामा नये. पेटलाच तर कोरडी वाळू.

स्पिरिटचे दिवे दोन-तृतीयांशच भरा, एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका, कारण रिकाम्या जागेत पेटणारी वाफ साठते. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. विझलाय असं समजून पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतलं जातं आणि बाटलीच पेट घेते. म्हणून आधी टोपण घालून विझवायचा, गार होऊ द्यायचा, मगच भरायचा. भरायची बाटली वर्गातच आणू नका.

नवी_विज्ञानशिक्षिका
कॅन आजच मागवते. फेरस सल्फेट तापवायचा प्रयोग 40 मुलांकडून करून घेऊ का? धूर जायला फक्त खिडक्या आहेत.

काचकांडी
तो तुम्हीच एकदा करून दाखवा. खिडकीशी उभं राहून, 2 ग्रॅम पुरे. सल्फर डायऑक्साइड आणि ट्रायऑक्साइड दोन्ही निघतात. परीक्षानळीचं तोंड खिडकीकडे, दम्याची मुलं दाराजवळ. वास घ्यायचाच तर हाताने हवा नाकाकडे ढकलून, नळी नाकाला लावून नाही. रंग हिरव्याचा पांढरट आणि मग तांबूस झाला की ज्योत काढा.