मोटारघरातली पांढरी पाल आणि बांधावरची पट्टेरी: जात कोणती?

केळीवाला, यावल:
राम राम मंडळी. मळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. थ्री फेज वीज रात्रीची येते, मोटार लावायला तेव्हाच जावं लागतं, म्हणून या दोघी दिसल्या. मोटारघराच्या चुन्याच्या भिंतीवर एक पाल असते, पार पांढुरकी, डोळे काळेभोर. दुसरी बांधावरच्या दगडांत दिसली: वितीपेक्षा लहान, काळे-पिवळे पट्टे, शेपूट जाडजूड. बॅटरी मारली तर पळायची सोडून शेपूट वर करून डोलवत बसली. आणि भाऊ, तिने डोळे मिटले! पालीला पापण्या असतात का? सालदार म्हणे, ही चावली तर माणूस पाणी मागत नाही. फावडं उचललं होतं त्याने, मी हात धरला. फोटो सगळे हललेत.

भुसावळकर:
पांढरी म्हणजे अल्बिनो. पट्टेरी विषारीच असणार, एवढा भडक रंग उगाच नसतो.

मास्तरीण, धुळे:
भुसावळकर, भारतात एकही पाल विषारी नाही. सालदाराला चहा पाजून हे सांगाच.

अल्बिनोचे डोळे लालसर असतात, काळे नाही. घरच्या पाली रात्री उजेडात फिकट पडतात, दिवसा फटीत बसल्या की गडद होतात. कात टाकायच्या आधीही पांढुरक्या दिसतात. म्हणून रंग सोडा. पाठ गुळगुळीत की खरखरीत? नर असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला ठिपक्यांची ओळ असते. ती मधे तुटते का, ते बघा. शेपूट तुटून नवी आली असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका, नवीचा रंग आणि खवले वेगळेच येतात.

पापण्या मिटणारी मात्र बिबट्या पाल, युब्लेफॅरिस. हिच्या बोटांना चिकट गाद्या नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. पट्टे पिल्लाचे, मोठेपणी मोडून ठिपके होतात. इकडे फस्कस ही जात अपेक्षित. पण 2014 साली मध्य प्रदेशातल्या सातपुड्यातून सातपुराएन्सिस ही जात वेगळी केली, आणि तुमचा मळा त्याच डोंगराखाली. पिल्लावरून, तेही फोटोशिवाय, मी नाव देणार नाही. नोंद ‘युब्लेफॅरिस, जात अनिश्चित’ अशी करा.

केळीवाला, यावल:
ताई, पांढरी सकाळी स्टार्टरच्या पेटीमागे सापडली, चांगली राखाडी-हिरवट! मग खिडकीच्या काचेवर गेली, बाहेरून पोट दिसलं: पिवळसर. दोन्ही मांड्यांवर ठिपके, मधे मोकळं. पाठ गुळगुळीत.

मास्तरीण, धुळे:
मग हेमिडॅक्टायलस फ्लाविव्हिरिडिस, आपली नेहमीची पिवळी-हिरवी घरपाल. ओळ सलग असती तर फ्रेनॅटस, म्हणजे दुसरी एक घरपाल, म्हटलं असतं. पाठ खरखरीत असती तर ब्रुकी नावाच्या पालींच्या गटात अडकलो असतो. तो तर नुसता गुंता, 2016 च्या डीएनए अभ्यासाने त्या एका नावाखालून कितीतरी जाती बाहेर काढल्या.

भुसावळकर:
बरं बुवा, विष मागे घेतो. पण तिच्या जवळ मी जाणार नाही.

केळीवाला, यावल:
सालदारही तेच म्हणतो. आता बांधावरचे दगड हलवत नाही. मोठी दिसली तर फोटोत काय काय घेऊ?

मास्तरीण, धुळे:
वरून पूर्ण पाठ, बाजूने डोकं, आणि शेजारी मापाला पेन. धरू नका, शेपूट टाकून देईल.